शाई फुटू न देणारं चिपाड

वही घेताना पान चिमटीत धरून जाडी बघायची, ही आपली जुनी सवय. फाउंटन पेनसाठी ती फारशी उपयोगाची नाही. जपानचा ‘तोमोए रिव्हर’ हा नावाजलेला कागद अवघा ५२ जीएसएमचा, म्हणजे झेरॉक्सच्या नेहमीच्या कागदापेक्षाही पातळ. मागच्या पानावरची अक्षरं त्यातून अंधूक दिसतात, पण शाई फुटत नाही आणि पलीकडे उतरतही नाही. उलट भारी किमतीचं, जाडजूड पान पहिल्याच ओळीला शाई पसरवून मोकळं होतं.

खरी करामत खळीची. तंतू लाकडाचा असो, कापसाचा असो की उसाचा, त्याला पाणी ओढून घ्यायची उपजत ओढ असते. खळ नसलेला कागद म्हणजे टिपकागदच. म्हणून लगद्यातच खळ मिसळतात आणि पान तयार झाल्यावर वरूनही स्टार्चचा हात देतात. १८०७ साली जर्मनीतल्या मोरित्झ इलिग यांनी राळ आणि तुरटीची स्वस्त खळ जगापुढे मांडली. कागद झपाट्याने स्वस्त झाला, पण तुरटीने तो आम्लधर्मी केला. त्या काळातली पुस्तकं आज हात लावताच तुकडे होतात, त्यामागे हेही एक मोठं कारण आहे.

झाड न तोडता केलेला कागद ही नवी फॅशन वाटते, पण जुनी रीत तीच आहे. लाकडाच्या लगद्याचा कागद सर्रास झाला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. वॉटरमनच्या फाउंटन पेनचं पेटंट १८८४चं, म्हणजे पेन आणि लाकडी कागद जवळपास एकाच पिढीचे. त्याआधी कागद व्हायचा चिंध्यांचा, तागाचा, सालींचा. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागदाची मोठी परंपरा होती. जुन्या पद्धतीत कागदाला खळ द्यायची आणि मग गुळगुळीत दगडाने तो घोटायचा. घोटल्याने तंतू दबतात, पृष्ठभाग बंद होतो आणि बोरूची शाई वरच राहते. पुण्याच्या पेशवे दफ्तरातली मोडी कागदपत्रं आजही वाचता येतात, यात त्या कारागिरांचाही वाटा आहे.

मात्र आज बाजारात मिळणारा प्रत्येक हातकागद पेनला मानवत नाही. पुण्यात १९४० साली सुरू झालेली हातकागद संस्था सुती चिंध्यांपासून कागद करते. चिंधीचा कागद टिकाऊ आणि देखणा असतो, पण खडबडीत पानावर बारीक निब अडते आणि तंतू टोकात अडकतात. तिथे जाड निब घ्यावी आणि खळ दिलेला कागद मागून घ्यावा.

आता खिशाला परवडणारी गोष्ट. एक टन ऊस गाळला की साधारण ३०० किलो ओलं चिपाड उरतं. आपल्याकडचे साखर कारखाने ते बॉयलरमध्ये जाळून वाफ आणि वीज करतात. तमिळनाडू सरकारने १९७९ साली टीएनपीएल ही कागद कंपनी काढली, तीच मुळी चिपाडापासून कागद करण्यासाठी. करूर जिल्ह्यात गिरणीभोवती जी वसाहत झाली, तिचं नावच कागितपुरम. कारखान्यांनी जळण सोडायचं तर त्यांना पर्याय हवा. गिरणीने साखर कारखान्यांच्या वाफेची सोय केली आणि बदल्यात चिपाड घेतलं! हा व्यवहार मला फार आवडतो. कचरा गोळा करण्याचं आवाहन करून भागत नाही, समोरच्याची चूलही पेटती ठेवावी लागते.

चिपाडातला मऊ गाभा पाणी पितो, म्हणून तो आधी वेगळा काढतात. उरलेले तंतू आखूड असतात, साधारण एक-दीड मिलिमीटरचे. ते दाटीने बसतात आणि पान सपाट होतं. त्यावर नीट खळ पडली की साध्या कॉपियर कागदावरही निब सरसर चालते आणि अक्षराच्या कडा स्वच्छ राहतात. अशा कागदात बऱ्याचदा लाकडाचा लगदाही मिसळलेला असतो. म्हणून रीम तिच्यावरचा मजकूर वाचूनच घ्यावी.

पुनर्वापराच्या कागदाची अडचण वेगळी. दर फेरीत तंतू झिजतात, तुटतात. साधारण पाच-सात फेऱ्यांनंतर त्यांचा कागद होत नाही. अशा पानावर शाई फुटायची शक्यता जास्त, पण खळ चांगली असेल तर उत्तम पानंही सापडतात. आणि ‘दगडाचा कागद’? त्यात बहुतांश चुनखडीची भुकटी आणि उरलेलं प्लास्टिक. शाई त्यात मुरत नाही, वर ओली राहून हाताला लागते. कागदाच्या रद्दीतही तो चालत नाही. तो न घेतलेलाच बरा.

सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत हिरवा कागद मात्र घरातच असतो. पाठकोरा! लेसर प्रिंटरवर छापलेल्या पानाची कोरी बाजू कच्च्या लिखाणाला झकास. पंचवीस-तीस पानं शिवली की वही तयार.

दुकानात जाताना पेन भरून न्यावा. रद्दी पानावर किंवा नमुन्यावर इंग्रजी आठचा आकडा काढावा, म्हणजे रेषा एकमेकींना छेदतात तिथे शाई सर्वांत जास्त साचते. कडांना केस फुटले का, मागे ठिपके उतरले का, ते बघावं. मग पान उलटून पुन्हा तेच करावं. यंत्रात बऱ्याच कागदांची एक बाजू जाळीवर असते, त्यामुळे दोन्ही बाजू सारख्या वागतीलच असं नाही. आणि ही परीक्षा भर पावसाळ्यात घेतली तर निकाल थोडा सैलच लावावा. दमट हवेत कागद ओलावा धरतो आणि चांगलं पानही शाई पसरवतं. घरी आणलेली रीम जुलै-ऑगस्टात प्लास्टिकच्या पिशवीत बंद ठेवावी.