बीडमध्ये घरी ब्रॉडबँड घ्यायचंय? प्लॅनच्या आधी गल्लीतली वायर बघा

नेट लावलं की फोन एंगेज आणि फोन आला की नेट कट. डायल-अप वापरलेल्यांना मॉडेमचा तो खरखराट अजून आठवत असेल. व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ ला भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. पुढे लँडलाइनवर ५६ केबीपीएसचे मॉडेम आले. त्या वेगाने १ जीबीची फाइल उतरवायला जवळपास ४० तास लागले असते. आज ४० एमबीपीएसच्या लाइनवर तेच काम साडेतीन मिनिटांत होतं.

डायल-अप गेलं, पण बऱ्याच घरांत त्याची जागा ब्रॉडबँडने नाही, मोबाइलच्या हॉटस्पॉटने घेतली. दुखणं तेच राहिलं. मोबाइल घेऊन वडील शेतात गेले की मुलीचा ऑनलाइन क्लास बंद. संध्याकाळी सगळं गाव एकाच टॉवरवर, मग परीक्षेचा फॉर्म भरायला नेट कॅफे गाठायचं. म्हणून घरी कायमचं नेट हवं. प्रश्न एवढाच, कोणाचं?

बहुतेक जण प्लॅनच्या किमतीपासून सुरुवात करतात. तिथेच गडबड होते. बीड शहरात किंवा अंबाजोगाई, परळीत जे मिळतं ते पाटोदा, शिरूर कासार किंवा धारूरच्या डोंगराकडच्या गावात मिळेलच असं नाही. त्यामुळे आधी शेजाऱ्याला विचारावं: नेट कोणाचं आहे आणि मागच्या वेळी वायर तुटली तेव्हा माणूस किती दिवसांनी आला? रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल तोडणं ही नेहमीची गोष्ट. तुटलेली फायबर जोडायला खास मशीन आणि ते चालवणारा माणूस लागतो. तो तालुक्याच्या गावात आहे की थेट छत्रपती संभाजीनगरहून येणार, यावर सगळं अवलंबून असतं. बीएसएनएलच्या फायबरची जोडणी आणि दुरुस्ती अनेक ठिकाणी स्थानिक भागीदार बघतात. त्यामुळे कंपनी एकच असली तरी दोन गावांतला अनुभव वेगळा असू शकतो.

दुसरा प्रश्न लाइटचा. काचेच्या फायबरला वीज लागत नाही, पण घरातल्या राउटरला आणि ऑपरेटरकडच्या मशीनला लागते. राउटरला छोटा यूपीएस लावता येतो. ऑपरेटरकडे बॅटरी नसेल तर मात्र घरच्या यूपीएसचा काही उपयोग नाही. हे कनेक्शन घेण्याआधीच विचारलेलं बरं.

फायबर पोहोचलीच नसेल तर एअरफायबरचा पर्याय आहे. जिओने ही सेवा सप्टेंबर २०२३ मध्ये आणली, एअरटेलचीही आहे. छतावर अँटेना बसतो, सिग्नल टॉवरवरून येतो. वायर तुटायची भीती नाही, पण टॉवर लांब असेल किंवा मध्ये डोंगर असेल तर वेग पडतो. जुनी तांब्याची लाइन हा शेवटचा पर्याय. एक्स्चेंजपासून घर जितकं लांब, तितका तिचा वेग कमी.

आता पैसे. जाहिरातीतल्या किमतीवर बहुतेक वेळा १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो. ‘अनलिमिटेड’ प्लॅनमध्येही ठरावीक जीबीनंतर वेग उतरतो, तो किती उतरतो ते बघावं. व्हिडिओ कॉलसाठी अपलोडचा वेग वेगळा विचारावा. नुसत्या ‘ब्रॉडबँड’ या शब्दावर जाऊ नये. सरकारी व्याख्येत २००४ साली २५६ केबीपीएसही ब्रॉडबँडच होतं, २ एमबीपीएसची अट जानेवारी २०२३ मध्ये आली.

वर्षाचा प्लॅन स्वस्त पडतो, पण पहिल्यांदा महिन्याचाच घ्यावा. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघून सहा महिने घराला कुलूप लावणाऱ्या कुटुंबाला वर्षाचे पैसे भरून काय मिळणार? मध्ये लाइन तात्पुरती बंद ठेवता येते का, हेही विचारावं.

आणि पावती घ्यावीच. केबलवाल्याकडून नेट घेतलं असेल तर बिलावर परवानाधारक कंपनीचं नाव हवं. तक्रार फोनवर नोंदवून तिचा नंबर लिहून ठेवावा. काम झालं नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही. पण बीडच्या जिल्हा ग्राहक आयोगाचं दार उघडं आहे: टेलिकॉम कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं. तिथे तो तक्रार नंबर आणि पावतीच कामाला येते.