ब्रेकचा खरा सामना उष्णतेशी

ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादकरांनी एकाच दिवशी १५१ मर्सिडीज गाड्या घेतल्या आणि ६५ कोटींच्या त्या खरेदीची बातमी देशभर गाजली. आजच्या छत्रपती संभाजीनगरचं वाहनांशी नातं मात्र त्याहून जुनं. वाळूजमध्ये बजाजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला, दुचाकींचे डिस्क ब्रेक बनवणारी एंड्युरन्स कंपनी इथलीच, आणि शेंद्र्यात २००१ पासून स्कोडाच्या गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. वेगाची हौस असलेल्यांना गाडी मनसोक्त पळवायला मात्र चेन्नई, कोइम्बतूर नाहीतर ग्रेटर नोएडाचा ट्रॅक गाठावा लागतो. तिकडे निघण्याआधी गॅरेजमध्ये पहिली मागणी होते ती मोठ्या डिस्कची आणि डिस्कवर पॅड दाबणाऱ्या, सहा पिस्टनच्या लालभडक कॅलिपरची. चाकाच्या आऱ्यांतून ते दिसतातही झकास! पण खर्चाचा हा क्रम उलटा आहे. ट्रॅकवर ब्रेक निकामी होतात ते ताकद कमी पडल्यामुळे क्वचितच. बहुतेक वेळा ते उष्णतेपुढे हार मानतात.

आधी ताकदीचा हिशेब पाहू. ब्रेक चाकाला थांबवतो, गाडीला थांबवतो टायर. ताशी १०० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी कोरड्या रस्त्यावर, टायरची पकड उत्तम असेल तर, सुमारे ३९ मीटरमध्ये उभी राहते. हे अंतर काढण्याच्या सूत्रात वेग येतो, गुरुत्वाकर्षण येतं आणि घर्षणांक येतो. डिस्कचा व्यास कुठेच येत नाही. पडताळा घेणंही सोपं आहे. करकचून ब्रेक दाबल्यावर पेडल पायाखाली थरथरलं, म्हणजे चाक जाम होऊ न देणारं एबीएस कामाला लागलं, तर गाडीचे मूळ ब्रेक चाक जाम करण्याइतके समर्थ आहेतच. एप्रिल २०१९ पासून भारतातल्या सर्व नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं असल्याने ही परीक्षा जवळपास कोणत्याही नव्या गाडीवर घेता येते. त्यानंतर कॅलिपर कितीही मोठा लावा, एबीएस थोडं लवकर जागं होईल, एवढंच. अंतर कमी करायचं असेल तर पैसे टायरवर घालावेत.

मग कंपन्या वेगवान गाड्यांना एवढाल्या डिस्क का लावतात? आक्षेप रास्त आहे आणि त्याचं उत्तर गतिज ऊर्जेत सापडतं. दीड टनाची गाडी ताशी २०० किलोमीटरवरून १०० वर आणायची तर सुमारे १७ लाख ज्यूल ऊर्जा काढून घ्यावी लागते. तेवढ्या ऊर्जेत सुमारे पाच लिटर थंड पाणी उकळीला येईल. जोरदार ब्रेक लावला तर हे काम पावणेतीन सेकंदांत उरकतं. हवेचा विरोध वजा केला तरी ब्रेक त्या क्षणी सातशेहून अधिक अश्वशक्तीच्या दराने उष्णता निर्माण करत असतात. अशी ताकद इंजिनातही क्वचितच असते. ब्रेक लावताना भार पुढे झुकत असल्याने सुमारे ७० टक्के काम पुढची चाकं करतात. पुढची प्रत्येक डिस्क दहा किलोची धरली तर एकाच दाबात तिचं तापमान सव्वाशे-दीडशे अंशांनी चढतं. रस्त्यावर असा प्रसंग कधीतरी येतो आणि नंतर निवायला भरपूर वेळ मिळतो. ग्रेटर नोएडाच्या ५.१२५ किलोमीटरच्या बुद्ध सर्किटवर १६ वळणं आहेत. एका वळणाची उष्णता हवेत विरायच्या आत पुढचं वळण येतं. मोठी, आतून पोकळ पंख्यांची बिडाची डिस्क इथे उपयोगी पडते: तिच्यात उष्णता जास्त मावते आणि फिरताना ती मधल्या फटींतून हवा बाहेर फेकत राहते. म्हणजे मोठ्या डिस्कचा फायदा खराच आहे, पण तो विसाव्या ब्रेकला दिसतो, पहिल्याला नव्हे.

त्या विसाव्या ब्रेकच्या आधीच सहसा दुसरं काहीतरी हात टेकतं, आणि ते म्हणजे ब्रेक ऑइल. नेहमीचं ग्लायकॉलवर आधारलेलं हे द्रव हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट ४ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की मानकाची अपेक्षाच १५५ अंशांवर येते. डिस्कची उष्णता पॅडमधून, पिस्टनमधून कॅलिपरपर्यंत पोहोचते आणि हे ऑइल उकळू लागतं. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. त्यामुळे पायाचा जोर वाफ दाबण्यात वाया जातो आणि पेडल तळाला टेकतं. गाडी थंड झाली की वाफ विरते, पेडल बरंचसं पूर्ववत लागतं, आणि मालक समजतो की दोष डिस्कचा होता. ताज्या उच्च प्रतीच्या ऑइलचा खर्च कॅलिपरच्या तुलनेत नगण्य असतो.

मराठवाड्याच्या उन्हाळ्याला दोष देण्याची सवय इथेही डोकावते. बाहेर ४२ अंश असताना ब्रेक निवणार कसे? हिशेब मात्र वेगळं सांगतो. डिस्क ५०० अंशांवर असेल तर हवेत जाणारी उष्णता ढोबळमानाने दोन्ही तापमानांतल्या फरकावर ठरते. हवा २५ अंशांची असताना तो फरक ४७५, ४२ अंशांची असताना ४५८. घट चार टक्क्यांहूनही कमी. ऑइलच्या दृष्टीने वैशाखापेक्षा श्रावणातली दमट हवा जास्त घातक.

ऑइलनंतर पाळी पॅडची. रस्त्यासाठीचे साधे पॅड फार तापले की त्यांतलं राळेचं बंधन कमजोर पडतं, वायू सुटतात आणि पेडल घट्ट लागत असूनही गाडी सरकतच राहते. ट्रॅकचे पॅड हे तापमान सोसतात; पण थंड असताना ते नीट पकडत नाहीत, किंचाळतात आणि डिस्क खातात. सकाळी जालना रोडच्या गर्दीत असे पॅड नकोतच. ते ट्रॅकवर जाताना बसवावेत आणि परत आल्यावर काढावेत.

कार्बन-सिरॅमिक डिस्कचं आकर्षण समजण्यासारखं आहे. बिडाच्या तुलनेत त्यांचं वजन जवळपास निम्मं आणि त्या गंजत नाहीत. पण सततच्या अतिउष्णतेत त्यांतले कार्बनचे तंतू ऑक्सिजनशी संयोग पावून झिजतात, म्हणून नेहमी ट्रॅकवर जाणारे कित्येक जण मुद्दाम बिडाच्या डिस्क निवडतात. भोकं पाडलेल्या डिस्कची गतही काहीशी तशीच: वजन घटतं, पण वारंवार तापून भोकांच्या कडांपासून तडे जातात. खाचा असलेली डिस्क कमी देखणी, पण जास्त चिवट.

फक्त पुढचे कॅलिपर बदलण्यात आणखी एक धोका आहे. त्यांच्या पिस्टनचं एकूण क्षेत्रफळ मूळच्यापेक्षा वाढलं तर पेडल लांबतं आणि मागच्या ब्रेकच्या वाट्याला कमी काम येतं. मागच्या टायरची पकड वापरलीच न गेल्याने थांबण्याचं अंतर उलट वाढू शकतं. कायद्याच्या बाजूने मोटार वाहन अधिनियमाचं कलम ५२ मूळ रचनेतल्या बदलांवर बंधन घालतं.

मोठी डिस्क हवी की नको, हे अंदाजाने ठरवण्याची गरजही नाही. डिस्कच्या कडेला लावायचे तापमानदर्शक रंग मिळतात: प्रचलित संचातला हिरवा ४३० अंशांना, नारिंगी ५६० ला आणि लाल ६१० ला पांढरा पडतो. ट्रॅकवरची शेवटची फेरी ब्रेक जवळजवळ न लावता मारावी, गाडी उभी केल्यावर हँडब्रेक ओढू नये, नाहीतर तापलेल्या पॅडचा थर डिस्कवर एकाच जागी चिकटतो आणि पुढे पेडल थरथरतं. मग चाक काढून रंग पाहावेत. फक्त हिरवा गेला असेल तर ऑइल आणि पॅड पुरेसे आहेत. नारिंगी गेला तर डिस्ककडे हवा नेणारी नळी बसवावी. आणि ती बसवूनही लाल पांढरा पडला, तर मोठ्या डिस्कचं दुकान गाठायला हरकत नाही.