फवारणीचें विष आणि ज्याच्या त्याच्या रक्ताचें माप

राजुऱ्याच्या आसपास वर्धेकाठच्या काळ्या रानांत भाद्रपद लागला म्हणजे कपाशी दाटते, आणि पाठीवर पंप घेऊन ओळींत शिरलेला माणूस धुरळणाऱ्या औषधांत न्हाऊन निघतो. अशा वेळीं सावधगिरीचा शब्द काढला कीं उत्तर ठरलेलें असतें: “दहा वर्षें फवारतों आहें, मला कांहीं झालें नाहीं.” हें उत्तर खोटें नसतें. परंतु त्यावरून शेजारच्या माणसासही कांहीं होणार नाहीं असें जें अनुमान काढलें जातें, तें मात्र जिवावर बेतणारें आहे. तें कां, हें आज आमच्या वाचकांपुढें मांडण्याचा आमचा उद्देश आहे.

आपल्या लगतच्या यवतमाळ जिल्ह्यांत सन २०१७ च्या पावसाळ्यांत फवारणीच्या विषबाधेनें वीसाहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, व शेंकडों लोकांस रुग्णालयांत ठेवावें लागलें. तोच कापूस, तीच कीड, तीच औषधें आपल्याकडेही आहेत. म्हणून ती गोष्ट परक्या मुलखाची समजून सोडून देतां येत नाहीं.

कपाशीवर मारल्या जाणाऱ्या औषधांपैकीं प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस इत्यादि स्फुरदयुक्त विषें एकाच रीतीनें काम करतात. मज्जातंतूकडून स्नायूस निरोप पोंचविणारें एक द्रव्य शरीरांत असतें. निरोप पोंचला कीं तें द्रव्य मोडून टाकण्याचें काम कोलिनेस्टरेज नांवाचें पाचक करतें. हीं विषें त्या पाचकासच जखडून टाकतात. मग निरोप थांबत नाहीं: घाम, लाळ व अश्रु वाहतात, बाहुली टांचणीच्या टोकाएवढी होते, मळमळ व ओकारी होते, स्नायु उडूं लागतात, आणि अखेर श्वास कोंडतो. कीड मरते ती याच कारणानें, आणि माणूस मरतो तोही याच कारणानें.

आतां प्रश्न असा कीं, एकास बाधा होते व दुसऱ्यास होत नाहीं, हें कसें? औषध अंगावर किती पडलें हें पहिलें कारण होय. परंतु तें एकच नव्हे. क्लोरपायरीफॉस शरीरांत गेलें म्हणजे यकृत त्याचें रूपांतर आणखी तीव्र विषांत करतें, आणि पॅराऑक्सोनेज नांवाचें दुसरें पाचक त्या तीव्र विषाचे तुकडे करून तें मूत्रावाटे बाहेर टाकण्याजोगें करतें. हें दुसरें पाचक सर्वांच्या रक्तांत सारखें नसतें. आईबापांकडून आलेल्या बीजाप्रमाणें तें कोणांत चपळ, तर कोणांत मंद असतें. एकाच वाणाचीं दोन रोपें एकाच वाफ्यांत सारखीं वाढत नाहींत हें ज्यास ठाऊक आहे, त्यास हें नवल वाटूं नये.

आपल्या जुन्या वैद्यांनीं मूत्रावर तेलाचा थेंब सोडून रोगाची परीक्षा करण्याची पद्धति लिहून ठेवली आहे. आजचें शास्त्र त्याच मूत्रांत व रक्तांत शेंकडों सूक्ष्म द्रव्यें एकाच वेळीं मोजतें. या शास्त्रास मेटाबोलॉमिक्स असें नांव आहे. आपण त्यास चयापचय-द्रव्यशास्त्र म्हणूं. लंडनच्या इंपीरियल कॉलेजांत जेरेमी निकल्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सन १९९९ पासून या मार्गानें विषबाधेचा अभ्यास पुढें नेला. सन २००९ मध्यें त्यांनीं असें दाखविलें कीं, ९९ निरोगी पुरुषांस पॅरासिटामॉलची मात्रा देण्यापूर्वींचें मूत्र तपासलें असतां, कोणाचें शरीर त्या औषधाची विल्हेवाट कशी लावील याचा अंदाज आधींच बांधतां येतो. आंतड्यांतील जंतूंपासून होणारें पॅराक्रेसॉल नांवाचें द्रव्य ज्याच्या अंगीं अधिक, त्याच्या शरीरांत औषधाचा मार्ग निराळा. सारांश, एकच मात्रा दोघांस दिली तरी ती दोघांस एकच नसते. माणूस पाहून औषध द्यावें या नव्या वैद्यकाचा पाया तो हाच.

हीं यंत्रें तालुक्याच्या गांवीं कधीं येतील याची वाट पाहत बसण्याचें कारण नाहीं. त्यांतील तत्त्व साध्या रक्ततपासणीनें आजही साधतें. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत सन १९७४ पासून नियमितपणें हीं विषें हाताळणाऱ्या मजुरांची कोलिनेस्टरेज-तपासणी कायद्यानें होत आहे. निरनिराळ्या माणसांचें मूळ माप निरनिराळें असल्यामुळें तेथें एकाची तुलना दुसऱ्याशीं करीत नाहींत. तीस दिवस विषाचा संपर्क नसतां प्रत्येकाचें स्वतःचें माप घेऊन ठेवतात. तें ८० टक्क्यांखालीं आलें कीं कामाच्या रीतीची चौकशी होते. तांबड्या पेशींतील माप ७० टक्के किंवा त्याहून कमी झालें कीं त्या मजुरास विषाच्या कामावरून दूर ठेवतात, आणि तें ८० टक्क्यांवर येईपर्यंत परत घेत नाहींत. ही भर हळू होते. दिवसास सुमारें एक टक्का. म्हणूनच आज फवारून बरा वाटणारा माणूस आठवड्यानें थोड्याशा विषानेंही कोसळूं शकतो.

आमची सूचना अशी कीं, प्रत्येक गांवच्या मंडळानें फवारणी करणाऱ्यांची यादी करून मृगापूर्वीं त्यांची ही तपासणी करून घेण्याविषयीं आरोग्यखात्याकडे लेखी मागणी करावी, व हंगामाच्या मध्यावर ती पुन्हा व्हावी. मालकानें मजुराचें माप आपलें समजून जपावें. तोंवर नित्याचे नियम पाळावे: डब्यावरील तांबडा त्रिकोण अति तीव्र विषाची खूण समजावी; दोन औषधें आपल्या मनानें मिसळूं नयेत; वाऱ्याविरुद्ध फवारूं नये; काम संपतांच कपडे उतरून साबणानें अंग धुवावें. वर सांगितलेलें एकही लक्षण दिसल्यास भिजलेले कपडे काढावे, अंग धुवावें, आणि औषधाचा डबा बरोबर घेऊन रोग्यास तात्काळ रुग्णालयांत न्यावें. तेथें ॲट्रोपिन आहे. घरीं त्याचा पर्याय नाहीं.

पिकाचें नुकसान पुढल्या हंगामांत भरून काढतां येतें. पंप पाठीवर घेणारा माणूस मात्र गेला तो गेलाच. दुसऱ्याच्या दहा वर्षांवर आपला जीव तोलूं नये. ज्याचें त्याचें माप ज्याच्या त्याच्या रक्तांत लिहिलेलें आहे, आणि तें आधींच वाचून घेणें आतां आपल्या हातीं आहे.