काळ्या खडीतले रंग

मीरा रोडच्या नया नगरात कुठे ना कुठे बांधकाम चालू असते आणि रस्त्याच्या कडेला काळ्या खडीचा ढीग असतोच. लोक चपला सांभाळत बाजूने जातात. भूशास्त्र शिकवण्यात हयात गेल्यामुळे माझा पाय मात्र तिथे हमखास रेंगाळतो. ही खडी म्हणजे आपला बेसॉल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. दिसायला कोळशासारखा, पण त्याचा ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप काढून काचेवर चिकटवला, की त्यातून चक्क उजेड पार होतो!

खास सूक्ष्मदर्शकात या कापाच्या खाली एक आणि वर एक असे दोन ध्रुवक एकमेकांशी काटकोनात बसवतात. मधे काहीच नसेल तर नुसता अंधार, कारण पहिल्याने गाळून दिलेला प्रकाश दुसरा अडवतो. मधे स्फटिक आला, की तो प्रकाशाचे दोन भाग करतो. ते वेगवेगळ्या वेगाने जातात, वरच्या ध्रुवकात पुन्हा एकत्र येतात आणि रंग उमटतात. ऑजाइट पैठणीच्या पदरासारखा निळा, गुलाबी, पिवळा झळकतो. प्लॅजिओक्लेज फेल्स्पारवर करड्या-पांढऱ्या पट्ट्या दिसतात. काप गोल फिरवा, एका फेरीत स्फटिक चार वेळा विझतो. काच मात्र कशीही फिरवा, काळी ती काळीच.

याच काळेपणाने बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारचा वाद मिटवला. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर ज्वालामुखीचे की उल्केचे? ज्वालामुखी म्हणणाऱ्यांना मी नावे ठेवणार नाही. चहूकडे लाव्हाच पसरलेला असताना दुसरे काय सुचणार? पण तळात छिद्रे पाडून काढलेल्या दगडांचे काप पाहिले, तेव्हा फेल्स्पारचा आकार शाबूत, पट्ट्या मात्र गायब. जागोजागी अंधार! स्फटिकाची न वितळताच काच झाली होती. क्षणार्धात एवढा दाब आणणे ज्वालामुखीच्या आवाक्यातले नाही. १९७३ साली ‘सायन्स’ नियतकालिकात हा पुरावा प्रसिद्ध झाला. या काचेला मास्केलिनाइट म्हणतात. ती प्रथम ओळखली गेली १८७२ साली, बिहारमधल्या शेरघाटीला १८६५ मध्ये पडलेल्या उल्केत. ती उल्का मंगळावरून आली, असे आता मानतात.

घरी मुले असतील तर लॅपटॉपचा पडदा पांढरा करून त्यापुढे पोलराइज्ड गॉगल फिरवा. पडदा काळा झाला की थांबा आणि मधे पारदर्शक चिकटपट्टीचे दोन-चार थर लावलेली काच तिरपी धरा. खडीच्या ढिगात काय दडले आहे, ते मग पोरांना वेगळे सांगावे लागत नाही.