पडवीतला सा

कोकणातल्या लोटे गावात पहिल्यांदा मुलं गाणं शिकवायला घेतली तेव्हा वर्ग भरायचा घराच्या पडवीत. पेटी एक, मुलं सात. काही वाडीतली, काही एमआयडीसीत नोकरीला आलेल्यांची. वाडीतल्या मुलांना ताल शिकवावाच लागला नाही. शिमग्याचा ढोल आणि गणपतीतली झांज त्यांच्या अंगात मुरलेली. स्वर मात्र ओरडून लावायची, आरतीत लागलेली सवय!

सुरुवातीची दोन वर्षं माझं चुकलं. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या 'प्रारंभिक'वर डोळा ठेवून मी बंदिशी घोटून घेतल्या. सगळी पास झाली, पण परीक्षेनंतर चार जण वर्गाला आलेच नाहीत. ते मनाला फार लागलं. मग रोज वीस मिनिटं नुसता सा आणि पलटे सुरू केले, आणि 'छान, छान' म्हणणं सोडलं. 'आज तुझा गंधार हलला नाही,' असं नेमकं सांगू लागलो. सात वर्षांच्या पोरालाही ते कळतं. दुसऱ्या दिवशी तो तोच गंधार ऐकवायला धावत येतो. मेहनत करून घ्यायची म्हणजे दरडावायचं, हे मला कधीच पटलं नाही.

विष्णु दिगंबर पलुसकरांनी 1901 मध्ये लाहोरला विद्यालय काढलं आणि गाणं गुरूच्या घरातून वर्गात आणलं. म्हणून तर आमच्या गावापर्यंत ते पोचलं. पण वर्गातही एकेका मुलाचा गळा वेगळा ऐकावा लागतो, नाहीतर उरते ती कवायत.

कोकणातला पावसाळा वाद्यांचा वैरी. तबला उतरतो, पेटीच्या पट्ट्या फुगून अडकतात. 2020 साली तर टाळेबंदीमुळे वर्गच फोनवर गेला. आवाज मागेपुढे पोचायचा, एकत्र गाणं अशक्य. मग एकेकाला वेगळं ऐकायचं. 22 जुलै 2021 च्या पुरात चिपळूणला दुरुस्तीला दिलेली पेटी गेली. तिच्यावाचून पुढचे महिने मोबाइलवरच्या तानपुऱ्यावर काढले, आणि तेव्हाच मुलांचे कान खरे तयार झाले. बोटाखालचा सूर शोधणारी मुलं आता स्वतःच्या गळ्यात शोधू लागली.

गेल्या गणपतीत वाडीतल्या आरतीला पेटीवर बसली ती त्या पहिल्या सातांतलीच एक मुलगी. शेजारी टाळ धरून तिनंच शिकवलेली दोन पोरं होती.