दोन धावपट्ट्या, एक विमानसेवा

नांदेडचा विमानतळ १९५८ सालचा, लातूरचा १९९१ चा. दोन्ही सार्वजनिक बांधकाम विभागाने उभारले. गुरू-ता-गद्दीच्या २००८ मधील त्रिशताब्दीसाठी नांदेडचा कायापालट झाला. पुढच्याच वर्षी हे दोन्ही विमानतळ बारामती, धाराशिव व यवतमाळसह ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने रिलायन्स समूहाकडे गेले. भाडेपट्टा एकच, नशीब मात्र निराळे.

२७ एप्रिल २०१७ रोजी ‘उडान’ योजनेतील पहिल्या सेवांमध्ये नांदेड-हैदराबाद मार्गाचा समावेश झाला. तासाभराच्या प्रवासाला निम्म्या जागांसाठी २,५०० रुपयांची मर्यादा, आणि तूट भरून देण्यास सरकारी अनुदान, तेही तीनच वर्षे. अनुदानाने खतावणीतील तूट भरते, खुर्च्या भरत नाहीत. ती विमान कंपनी २०२२ मध्ये बंद पडली, तरी २०२४ मध्ये दुसरी कंपनी नांदेडला आली. कारण सचखंड हुजूर साहिबच्या दर्शनाला पंजाबातून वर्षभर यात्रेकरू येतात.

लातूरची पेठ काही लहान नाही. परंतु येथील सोयाबीन व तूरडाळ ट्रकने जाते, भाव दूरध्वनीवर ठरतो आणि व्यापारी रात्रीच्या रेल्वेने मुंबई गाठतो. भांडवल धावपट्टीत गुंतले. रोजचा प्रवासी मात्र जमला नाही. नियमित सेवेअभावी विमान गाठायचे तर लातूरकरांनी आधी सुमारे १४० किलोमीटर मोटारीने नांदेड गाठावे. परतीचे विमान दुपारनंतर उतरले, तर चौविहार पाळणाऱ्याने डबा सोबत घ्यावा आणि सूर्यास्तापूर्वी वाटेतच कोठेतरी गाडी थांबवावी.