आजारपणाआधी कार्ड : सत्तरीपुढील ज्येष्ठांसाठी एक बेत

तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आरोग्य विम्याच्या बाबतीत मात्र आपल्याकडे बहुतेक घरांत विहीर तहानेनंतरच खणली जाते. म्हातारा माणूस घसरून पडला, छातीत कळ आली, अर्धांगवायूचा झटका आला की मग आधारकार्ड कुठे आहे, रेशनकार्ड कोणत्या पेटीत आहे, याची शोधाशोध सुरू होते. ज्या घटकेला रुग्णाला गाडीत घालून निघायचे, त्या घटकेला घरातला कर्ता मुलगा झेरॉक्सच्या दुकानात उभा असतो. कबनूर, इचलकरंजी परिसरातील माझ्या व्यवसायात हे चित्र मी अनेकदा पाहिले आहे.

ही घाई परवडणारी नाही. मेंदूतील रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली असेल, तर ती गुठळी विरघळविणारे इंजेक्शन सर्वसाधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. हृदयविकाराच्या झटक्यात प्रत्येक तासाला हृदयाचा काही भाग निकामी होत जातो. खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धाचे ऑपरेशन शक्यतो ४८ तासांच्या आत व्हावे. अंथरुणावर जितके दिवस पडून राहील, तितका न्यूमोनियाचा आणि पाठीला जखमा होण्याचा धोका वाढतो. म्हणून विम्याचे कागद हा औषधोपचाराचाच एक भाग समजावा, असे मी माझ्या रुग्णांना सांगत असतो.

योजना कोणती?

महाराष्ट्रात १९९७ साली जीवनदायी योजना आली. पुढे २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये ती आपल्या कोल्हापूरसह सर्व राज्यात आली. २०१७ पासून तिचे नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असे आहे. केंद्र सरकारची आयुष्मान भारत योजना सप्टेंबर २०१८ मध्ये आली आणि आपल्या राज्यात दोन्ही योजना एकत्रितपणे चालविल्या जातात.

ज्येष्ठांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा बदल २९ ऑक्टोबर २०२४ रोजी झाला. त्या दिवसापासून ७० वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक नागरिकाला, मग तो गरीब असो वा सधन, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळू शकते. उत्पन्नाचा दाखला लागत नाही, हप्ता भरावा लागत नाही. देशातील सुमारे साडेचार कोटी कुटुंबांतील सहा कोटी ज्येष्ठांना याचा लाभ व्हावा, असा त्या वेळी सरकारचा अंदाज होता.

या कार्डावर योजनेतील रुग्णालयांत वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता होतात. कुटुंब आधीच आयुष्मान योजनेत असेल, तर सत्तरीपुढील माणसांसाठी हे ५ लाख वेगळे असतात. त्यांत तरुण मंडळींचा वाटा नसतो. नवरा-बायको दोघेही सत्तरीपुढचे असतील, तर रक्कम दोघांत मिळून, पण कार्ड मात्र प्रत्येकाचे निराळे. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार आधीपासून असला तरी चालतो. थांबण्याची मुदत नाही. कामगार विमा योजनेत असलेल्यांना आणि खासगी मेडिक्लेम असलेल्यांनाही हे कार्ड काढता येते. केंद्र सरकारचे निवृत्त कर्मचारी आणि माजी सैनिक यांची स्वतंत्र आरोग्य योजना आहे. त्यांनी मात्र दोहोंपैकी एक निवडायची आहे.

गैरसमज नकोत

या कार्डावर काय होत नाही, हेही स्वच्छ सांगितले पाहिजे. दरमहा लागणाऱ्या रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या, दवाखान्यातील किरकोळ तपासणी, चष्मा, कवळी यांचा खर्च यातून मिळत नाही. रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या, योजनेच्या यादीतील उपचारांसाठी हे कार्ड आहे. दाखल होण्यापूर्वीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस यांचा योजनेत ठरलेला खर्च त्यात धरला जातो. शिवाय प्रत्येक रुग्णालय योजनेत नसते आणि योजनेतील रुग्णालयातही प्रत्येक आजाराची सोय असतेच असे नाही. म्हणून दाखल होण्यापूर्वी तेथील आरोग्यमित्राला भेटून “हा उपचार या कार्डावर येथे होतो का?” एवढे विचारावे. घरबसल्या चौकशीसाठी १४५५५ आणि १५५३८८ हे फोन क्रमांक आहेत.

शिबिराला कोण येतो आणि कोण येत नाही?

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. कार्ड काढण्याची शिबिरे होतात, मांडव पडतो, स्पीकर लागतो, फोटो निघतात. पण अशा शिबिराला येतो कोण? ज्याचे पाय धड आहेत, ज्याचा मोबाईल आधारला जोडलेला आहे आणि ज्याच्या सोबतीला सून किंवा नातू आहे, तो येतो. ही माणसे शिबिर नसते तरी उद्या-परवा सेवा केंद्रात जाऊन कार्ड काढून आली असती. ज्याला कार्डाची खरी गरज आहे, तो अंथरुणावर असतो. एखादी विधवा आजी खोलीत एकटी असते. एखाद्याचा मुलगा पुण्याला असतो आणि आधारचा ओटीपी त्याच्या मोबाईलवर जातो. म्हणून माझे म्हणणे असे, की बेत आखायचा तो न येणाऱ्यापासून आखावा. मांडव शेवटी घालावा.

आपल्या भागात आणखी एक अडचण आहे. कबनूर म्हणजे यंत्रमागाचे गाव. तीस-चाळीस वर्षे मागावर सूत हाताळलेल्या माणसाची बोटे गुळगुळीत झालेली असतात, वयामुळे कातडी पातळ होते आणि यंत्र अंगठा घेत नाही. “अंगठा लागत नाही” म्हणून माणूस परत जातो आणि पुन्हा येत नाही. वास्तविक ओळख पटविण्यासाठी मोबाईलवरचा ओटीपी, डोळ्यांची बुबुळे आणि चेहरा असे दुसरे मार्गही आहेत. मोतीबिंदू पिकला असेल तर बुबुळाचाही घोटाळा होऊ शकतो. अशा वेळी चेहऱ्याचा मार्ग वापरून पाहावा. नोंदणी करणाऱ्याला हे सर्व मार्ग ठाऊक हवेत आणि अंगठा तीनदा लागला नाही म्हणून त्याने आजोबांना हात हलवीत परत पाठवू नये.

वयाचेही तसेच. योजनेत वय धरतात ते आधारवरचे. आपल्या पिढ्यान् पिढ्यांचा वाढदिवस १ जून! शाळेत घालताना गुरुजींनी ती तारीख टाकली आणि तीच जन्मभर चालली. जे शाळेतच गेले नाहीत, त्यांचे वय अंदाजाने लिहिलेले. त्यामुळे पंचाहत्तरीची आजी आधारवर अडुसष्टची निघते. पुरावा असेल तर जन्मतारीख दुरुस्त करता येते, पण ती संधी सर्वसाधारणपणे एकदाच मिळते. म्हणून ती दुरुस्ती घाईने, दुसऱ्याच्या सांगण्यावरून करू नये. पुरावा नसेल आणि आधारवरचे वय कमी असेल, तर त्या आजीसाठी फुले योजनेची चौकशी करावी. त्या योजनेला सत्तरीची अट नाही.

वर्षाचा बेत

कार्ड एकदा निघाले की दरवर्षी नवे काढावे लागत नाही. ५ लाखांची मर्यादा मात्र दरवर्षी नव्याने सुरू होते. मग दरवर्षी मोहीम कशाला, असे कोणी विचारील. कारण दरवर्षी गावातील काही माणसे सत्तरी ओलांडतात, काहींचे मोबाईल बदलतात, काही आई-वडील एका मुलाकडून दुसऱ्याकडे राहायला येतात. गेल्या वर्षी चालता असलेला माणूस यंदा अंथरुणाला खिळलेला असतो. म्हणून वर्षातून एकदा गावाने आपल्या ज्येष्ठांची उजळणी करावी. १ ऑक्टोबर हा १९९१ पासून जगभर ज्येष्ठ नागरिक दिन म्हणून पाळला जातो. हार-तुरे आणि भाषणे यांऐवजी त्या दिवसाला हे काम जोडावे, अशी माझी सूचना आहे.

ऑगस्टमध्ये याद्या कराव्यात. गल्लीवार, घरटी. एका कार्यकर्त्याकडे पंचवीस-तीस घरांपेक्षा जास्त देऊ नयेत. आशाताई, बचत गटातील भगिनी, तरुण मंडळाची पोरे, महाविद्यालयातील विद्यार्थी यांना गल्लीतील माणसे ओळखतात. अनोळखी माणसाला म्हातारी दार उघडत नाही. वहीत नाव, आधारवरचे वय, मोबाईल जोडला आहे का, घरी सोबत कोण, चालता येते का, एवढेच लिहावे. आधारचा क्रमांक वहीत लिहून घेऊ नये. असल्या वह्या कोणाच्या हाती पडतील हे सांगता येत नाही.

यादीचे तीन भाग पडतील. पहिला, चालत्या-फिरत्या माणसांचा. दुसरा, ज्यांचे आधार अडले आहे त्यांचा. तिसरा, ज्यांना घराबाहेर पडता येत नाही त्यांचा. सप्टेंबरमध्ये दुसऱ्या भागाचे काम हाती घ्यावे, कारण आधारची दुरुस्ती व्हायला दिवस लागतात. मोबाईल क्रमांक जोडण्याची सोय पोस्टाच्या बँकेमार्फत पोस्टमन घरी येऊनही करतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १ ऑक्टोबरला पहिले कार्ड तिसऱ्या भागातील माणसाचे, त्याच्या घरी जाऊन काढावे. मोबाईलवरील आयुष्मान ॲपमधून ते काम अंथरुणाजवळ बसूनही होते. त्यानंतर चौकातला मांडव. जे राहतील त्यांच्यासाठी दिवाळीचा आठवडा राखून ठेवावा. तेव्हा माग बंद असतात आणि बाहेरगावची मुलेही, त्यांच्या मोबाईलसह, घरी आलेली असतात.

मोहिमेचा हिशेबही उलटा ठेवावा. किती कार्डे निघाली याचा फलक लावण्याऐवजी यादीतली किती नावे राहिली आणि का राहिली, हे दर आठवड्याला मोजावे.

समजूत कशी घालावी?

“मला काय धाड भरलीया डॉक्टर?” असे म्हणणारे आजोबा प्रत्येक गल्लीत आहेत. त्यांच्याशी वाद घालू नये. “तुम्हाला काही होऊ नयेच, पण झालं तर पोराला कर्ज काढावं लागू नये,” एवढे सांगावे. स्वतःसाठी नाही म्हणणारा माणूस पोरासाठी हो म्हणतो.

“अंगठा दिला नि श्रावणबाळचा पगार बंद झाला तर?” ही भीती विशेषतः एकट्या राहणाऱ्या आजींना वाटते. या कार्डाने पेन्शन बंद होत नाही, हे त्यांना ओळखीच्या माणसानेच सांगावे. मात्र त्यांची सावधगिरी अगदीच चुकीची नाही. कार्ड मोफत आहे; कोणी पैसे मागितले तर देऊ नयेत. फोनवरून ओटीपी विचारणाऱ्याला तो कदापि सांगू नये. ओटीपी द्यायचा तो समोर बसलेल्या, ओळखीच्या कार्यकर्त्यालाच.

“आमचा मेडिक्लेम आहे,” असे म्हणणारेही भेटतात. छानच आहे, तो चालू ठेवावा आणि हेही कार्ड काढावे. मेडिक्लेमचे नूतनीकरण मात्र दरवर्षी न चुकता, मुदत संपण्याच्या महिनाभर आधीच करावे. आता ६५ वर्षांनंतर नवा विमा घेण्यास एप्रिल २०२४ पासून नियमाने आडकाठी नाही. व्यक्तिगत आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे. अर्ज भरताना जुना आजार लपवू नये. लपविलेला आजारच पुढे दावा नाकारण्याचे कारण होतो.

घरच्यांनी आज काय करावे?

मोहीम होईल तेव्हा होईल. वाचकहो, तुमच्या घरात सत्तरीपुढचे कोणी असेल, तर आजच त्यांचे आधारकार्ड काढून त्यावरची जन्मतारीख पाहा आणि त्याला कोणता मोबाईल जोडला आहे ते तपासा. कार्ड निघाले असेल तर त्याची एक प्रत देव्हाऱ्याजवळ किंवा कपाटाच्या दारावर, सर्वांना दिसेल अशी ठेवा. त्याच कागदावर चालू गोळ्यांची नावे, कशाची ॲलर्जी आहे ते, जवळचे योजनेतील रुग्णालय आणि १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक लिहा. रात्री दोन वाजता घरात एकटी सून असली तरी तिला तो कागद सापडला पाहिजे.

आणि शेजारच्या खोलीत एखादी आजी एकटी राहत असेल, तर तिचीही चौकशी करा. तिच्याकडे यादी घेऊन कोणी येईल तेव्हा येईल. तोवर तिची यादी तुम्हीच आहात.